जागचं न हललेलं विमान

मी एक जुना कॉकपिट आहे. मला पंख नाहीत, चाकं नाहीत, आणि खरं सांगायचं तर मी जन्मात कधी वीतभरही वर उठलो नाही. तरी माझ्यात बसून भल्याभल्या वैमानिकांना घाम फुटला आहे, मित्रांनो.

१९८४ साली रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, धावपट्टीजवळच्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. मिरकरवाड्यात होड्या बांधणाऱ्या सुतारांनी माझं लाकडी अंग घडवलं. तबकड्या आणि संगणक मुंबईहून आले. खिडक्यांना दुधी काच बसवली, म्हणून माझ्याबाहेर बारा महिने धुकंच. झाडलोट करणारा केरू मला पाहून म्हणाला, "ह्यो उडनारच नाय, मंग ह्येला पायलट कशाला?" मला राग आला, पण बोलणार कुणाशी?

विमान आपोआप चालवणारं यंत्र आलं की माणसाची नजर ढिली पडते का, हे भास्करराव नावाच्या संशोधकांना शोधायचं होतं. वैमानिक येत, माझं यंत्र सुरू करत आणि हात मांडीवर ठेवून बसत. मग भास्करराव बाहेरून गुपचूप बिघाड करत. उंचीचा काटा हळूच उतरू लागे. कुणाच्या लक्षात येई, कुणाच्या नाही. काम संपलं की सगळे चहाला जात. मला कुणी 'येतो' म्हणत नसे.

एकदा कॅप्टन चिंतामणी आले. खऱ्या विमानात अशाच यंत्रावर विसंबून ते डोंगराच्या फार जवळ गेले होते. सगळे वाचले, पण त्यांचा धीर खचला. पुन्हा उडायचं की कायमचं सोडायचं, हे ते माझ्यात बसून ठरवणार होते.

पहिल्याच फेरीत त्यांनी घाबरून यंत्र बंद केलं, दांडा पुढे लोटला आणि उंचीचा काटा शून्यावर आला. भास्कररावांनी सांगितलं की त्या फेरीत बिघाड केलेलाच नव्हता. मी बरा होतो, आणि ते मला सांगता येत नव्हतं. फार वाईट वाटलं.

"तेव्हा यंत्रावर नको इतका भरवसा ठेवला," चिंतामणी म्हणाले, "आता त्याच्यावर नाही आणि माझ्यावरही नाही."

दुसऱ्या फेरीला लीला नावाच्या वैमानिक त्यांच्या शेजारी बसल्या. "कॅप्टन, यंत्र काय करतंय ते आपण बोलत राहू," त्या म्हणाल्या. "एकट्याने बघत बसू नका."

मग त्या उंची सांगत, ते काटा बघून होकार देत. मध्येच पालीच्या बाजारातल्या भाजीवरही बोलणं झालं. मला घर भरल्यासारखं वाटलं.

"खाली चाललोय," लीला म्हणाल्या.

"दिसलं. कंट्रोल माझ्याकडे."

चिंतामणींनी यंत्र बंद केलं आणि दांडा हलकेच ओढला. काटा सावकाश वर आला.

जाताना त्यांनी माझ्या दांड्यावर हात ठेवला. "पुन्हा तुझ्याकडे यायची वेळ येऊ नये," म्हणाले. महिन्याभरात ते कामावर रुजू झाल्याचं भास्कररावांच्या बोलण्यातून कळलं.

पुढे संशोधन संपलं. खाऱ्या हवेने माझे काटे गंजले. आता माझ्यात आंब्याच्या रिकाम्या पेट्या आहेत, आणि कॅप्टनच्या खुर्चीत पेंढ्याचं पोतं बसलं आहे. त्याला कशाचीच भीती नाही. मला मात्र फार एकटं वाटतं.

मित्रांनो, यंत्रावर काम सोपवा, पण त्याच्याकडे पाठ फिरवू नका. आणि शेजारी माणूस असेल तर त्याच्याशी बोला. कॅप्टन चिंतामणी पुन्हा आले नाहीत. ते कधी येऊ नयेत, असंच मी रोज मागतो. तरी शेडचं दार वाजलं की वाटतं, तेच असतील.