खिशातली गुलबक्षी

"बाबा, खिसे झटकलेत का?"

"झटकले की!" बाबा म्हणाले. गावभर कुलपं दुरुस्त करत हिंडणारा हा माणूस घरात धडधडीत खोटं बोलायचा.

वॉशिंग मशीन खडखडलं. लेकीने पॅंट बाहेर ओढली. खिशातून स्क्रू निघाले आणि मिऱ्यांसारख्या काळ्या बिया.

"स्क्रू एक वेळ ठीक आहेत. या बिया कशाला?"

"अगं, गुलबक्षीच्या कुंडीखाली पडलेल्या दिसतात. उचलतो आणि विसरतो."

"लोकांची कुलपं उघडता, स्वतःचं डोकं मात्र बंद!"

बाबा मनापासून हसले. मग रोजचा प्रश्न आला. "आज कशी फुललीय?"

कुंडीकडे न बघताच तिने रोजचं उत्तर दिलं, "गवतासारखी."

दुसऱ्या दिवशी दुकानात, हातात कानस असतानाच, बाबा बसल्या जागी गेले.

नंतरच्या धावपळीत कुंडीला पाणी घालायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. गुलबक्षी वाळली. लेकीला ते रोजचं उत्तर सलत राहिलं. बदलून द्यावं, तर आता फूलही नव्हतं.

पुढे एकदा, दुकानात राहिलेली एक किल्ली द्यायला ती शिवणवाल्या मावशींकडे गेली. पायरीला लागून गुलबक्षी, चांगली कमरेएवढी.

"मावशी, ही तुम्ही लावलीत?"

"मी कशाला लावतेय! तुझ्या बाबांनी कुलूप बसवलं, त्यानंतर उगवली. स्क्रू शोधायला खिसा इथंच उलटा करायचे ना! समोर दातांच्या डॉक्टरांकडे बघ. त्यांचं कुलूप सारखं बिघडतं, म्हणून तिथं रान माजलंय."

लेकीला कितीतरी दिवसांनी खळखळून हसू आलं. घरी जायचं सोडून ती दारं बघत निघाली. कुठे पांढरी, कुठे राणी रंगाची. वस्ती संपली तिथे कालव्यावरचं पंपघर होतं. त्याच्या गंजक्या कुलपापासून निघालेली गुलबक्षी थेट उतारावर पसरली होती. ना कुंडी, ना झारी, ना कुणाची परवानगी. बाबांची दुकान बंद करायची वेळ झाली होती आणि सगळा उतार एकदम उमलत होता.

पंपाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नव्हतं. तरी ती मोठ्याने म्हणाली,

"छान फुललीय, बाबा. आणि खिसे... नका झटकू."