फाटकापाशी बोलणारी माती

महाराजांनी तांब्यातलं तीर्थ ओतलं आणि शेताच्या फाटकापाशी माती फसफसायला लागली.

"बोलली! माती बोलली!" एकच गलका झाला. मागच्यांना काहीच दिसत नव्हतं, पण हात सगळ्यात आधी त्यांनीच जोडले.

मातीबोले महाराजांनी जमिनीला कान लावला. "म्हणतेय, मी सुखी आहे."

मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण फेसाचं इतकं झटपट भाषांतर करणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला.

मग सगळी वरात शेताच्या दुसऱ्या टोकाला निघाली. तिथे माझ्या मावशीचं घर. मावशी पायरीवर शेंगा सोलत बसली होती. फाटकापाशी पीक कमरेएवढं, इथे मात्र पिवळं आणि जेमतेम घोट्यापर्यंत. महाराजांनी तीर्थ ओतलं. माती ढिम्म.

"मुकी झालीये बिचारी," महाराज कळवळले. "इथल्या बाईची जीभ तिखट, म्हणून माती रुसलीये. बाई गेली की पीक येईल. घर रिकामं नको, म्हणून मीच राहीन इथे. हाल होतील माझे, पण राहीन."

मावशीचे यजमान गेल्यापासून शेत आणि घर तिचा दीरच बघतो. माणूस वाईट नाही, पण शेवटी जो बोलेल त्याचं त्याला पटतं. "वहिनी," तो स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाला, "थोडे दिवस बहिणीकडे जाऊन या."

एरवी कुणाला बोलू न देणारी मावशी गप्प झाली. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. ते बघून माझं डोकं फिरलं.

मी तांब्याजवळ वाकून वास घेतला. नाकात झिणझिण्या आल्या. नुसतं व्हिनेगर!

"महाराज, थोडं तीर्थ मिळेल?"

"घे बाळा, घे."

तांब्या घेऊन मी थेट घरामागे गेलो. गर्दी माझ्या मागे. मावशीच्या संडासाच्या भिंतीला चुन्याची सफेदी केलेली होती. मी तीर्थ भिंतीवर ओतलं. फस्स! भिंतीवरून फेस ओघळला.

मग मावशीला कंठ फुटला. "महाराज, लावा की कान! काय म्हणतोय माझा संडास?"

महाराज भिंतीकडे वाकले. "तोही... सुखी आहे."

लोक पोट धरून हसले. हसू ओसरल्यावर मी सांगितलं, "चुन्यावर आंबट काही पडलं की वायू सुटतो आणि फेस येतो. भिंतीत चुना आहे, फाटकापाशी मातीत चुना आहे. इथल्या मातीत नाही. ती आंबट झालीये, आणि आंबट मातीतलं अन्न मुळांना नीट घेता येत नाही, म्हणून पीक उपाशी."

"पण चुना तर आम्ही दरवर्षी शेतभर टाकतो!" दीर म्हणाला.

"शेतभर?" मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "गाडी पुढे रुतते म्हणून गाडीवाला सगळा ढीग फाटकातच ओततो. तुम्ही तिथेच चार फावडी उडवता आणि म्हणता, पुढचं वारा नेईल. भावोजी, वाऱ्याला तुम्ही गडी म्हणून ठेवलंय का?"

एवढ्यात कुणीतरी ओरडलं, "महाराज कुठे गेले?" तांब्या माझ्याच हातात राहिला होता. मावशीने तो घासून तुळशीला पाणी घालायला घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोऱ्या बांधून शेताचे चौकोन पाडले, प्रत्येकातली माती वेगळी तपासून घेतली आणि नकाशा रंगवला. कुठे भरपूर चुना हवा, कुठे थोडा, आणि फाटकापाशी चिमूटभरही नको. मग दीर स्वतः ढकलगाडी ढकलत शेवटच्या चौकोनापर्यंत आला. मावशी पायरीवरून "अजून पुढे, भावोजी, अजून पुढे!" म्हणत होती. तिची जीभ होती तितकीच तिखट होती. पुढच्या हंगामात पीक पायरीला टेकलं.

तेव्हा मंडळी, पीक पिवळं पडलं तर माती तपासा, घरातल्या बाईचा पायगुण नको. एकाच शेतातली माती सगळीकडे सारखी नसते, म्हणून जागोजागची तपासा. आणि कुणी तांब्या घेऊन दारात आलाच, तर त्याला आधी संडास दाखवा.