छत्तीस मिनिटं

छगननं गुलाबी चिठ्ठी दातांत धरली आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवत जीप देवखिंडीच्या नाक्यातून बाहेर काढली. रस्ता सरळ झाल्यावर त्यानं चिठ्ठी काचेच्या कडेला खोचली. तिच्यावर पोलिसाच्या हातची वेळ होती. बारा दहा.

गोजरबाई पुढच्याच शिटावर होती, छगन आणि आणखी दोन माणसांच्या मधे चेपून. गिअरचा दांडा दर वेळी तिच्या गुडघ्याला लागत होता आणि पाय सरकवायला जागा नव्हती. मागे चौदा माणसं कोंबलेली. एरवी ती एसटीनंच यायची. आज आजारी आईपाशी बसण्यात वेळ गेला, एसटी चुकली, आणि पाथर्डीच्या स्टँडाबाहेर छगननं तिला हाक मारली. तो तिच्या चहाच्या हाटेलावरच्या रोजच्या गिऱ्हाइकांतला. नाही म्हणता आलं नाही.

“वहिनी, घट्ट धरून बसा,” छगन म्हणाला.

धरण्यासारखं काही नव्हतं. तिनं मांडीवरची पिशवीच घट्ट धरली.

जीप पळू लागली. बाभळी एकमेकींना चिकटून मागं जाऊ लागल्या. छगन एका हातानं गाडी चालवत मागच्या माणसाशी पावसाचं बोलत होता. समोरून येणाऱ्या ट्रकला त्यानं इतक्या जवळून बगल दिली की गोजरबाईचे खांदे आपोआप आत ओढले गेले. छगनचं बोलणं मात्र तुटलं नाही.

या रस्त्याला दीड वर्षापासून नियम होता. देवखिंडीच्या नाक्यावर गाडीला वेळ लिहून चिठ्ठी मिळायची आणि चोवीस किलोमीटरवर बाभूळबनच्या नाक्यावर ती परत घेतली जायची. मधे छत्तीस मिनिटांपेक्षा कमी वेळ लागला, तर गाडी जोरात हाणली हे सरळच होतं. मग दंड, आणि पुन्हा सापडला तर लायसन जमा.

हा नियम झाला तो गोजरबाईच्या मुलीमुळं. दीपा नववीत होती. फाट्यावरची शाळा रस्त्याच्या एका अंगाला आणि पाण्याचा हापसा दुसऱ्या. मधल्या सुट्टीत मुलं बाटल्या घेऊन पलीकडं पळायची. त्या दिवशी एक गाडी आली आणि थांबली नाही. जीप होती एवढंच बरोबरच्या मुलींना सांगता आलं. कुठली, कुणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही. गावानं पोरीला रस्त्यावर ठेवून चार तास रस्ता अडवला. मोठे साहेब आले, हात जोडून बोलले, आणि महिन्याभरात दोन नाके उभे राहिले. लोक म्हणाले, निदान एवढं तरी झालं.

त्याच सालच्या हंगामात उसाच्या फडावर गाडीचं चाक मच्छिंद्रच्या, तिच्या नवऱ्याच्या, कमरेवरून गेलं. कोयता सुटला, ऊसतोड संपली. नवरा-बायको दोघं असल्याशिवाय टोळीत कोण घेणार? म्हणून तिनं घरापुढंच, रस्त्याला लागून, चार पत्र्यांचं चहाचं हाटेल टाकलं. बाभूळबनचा नाका तिथून कोसभर.

पहिल्याच आठवड्यात हाटेल चाललं. जीपवाले, टेम्पोवाले, ट्रकवाले थांबायचे. चहा प्यायचे, पण संपल्यावरही उठायचे नाहीत. मनगटाकडं बघत बसायचे. मग एकदम सगळे उठायचे. तिला वाटायचं, चहा आवडतोय.

महिन्याभरानं एका टेम्पोवाल्यानं हसत हसत सांगितलं, “वहिनी, तुमचं हाटेल लई मोक्यावर हाय. गाडी हानायची, हितं येऊन निवांत बसायचं, अन् टायमाला नाक्यात शिरायचं.”

त्या दिवशी तिच्या हातून दूध उतू गेलं. जे धीरानं गाडी चालवत येत त्यांना थांबायची गरजच नव्हती, ते सरळ पुढं जात. तिच्या बाकड्यावर बसायचे ते फक्त दुसरे. त्यानंतर ती प्रत्येकाला चहा देताना एकदा तोंडाकडं बघायची. हा असेल का? मग पुढचा ग्लास भरायची. हाटेल बंद करून खायचं काय, हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याच दिवशी बंद केलं असतं.

“आवो, जरा सावकाश,” मागून कुणीतरी म्हणालं.

“कायबी हुत न्हाई,” छगन म्हणाला. “रोजचा रस्ता हाय.”

पुढं फाटा दिसला. शाळेचे लाल पत्रे, लिंबाचं झाड, पलीकडं हापसा. मधली सुट्टी झालेली होती. रस्त्याच्या कडेला सात-आठ मुलं बाटल्या घेऊन उभी होती. गोजरबाईनं श्वास आत ओढला. आता हा पाय वर घेईल, असं तिला वाटलं. छगननं हॉर्नवर तळहात दाबून धरला, तो उचललाच नाही. एका मुलीनं पुढं टाकलेला पाय मागं घेतला. गोजरबाईला तिचा फक्त निळा फ्रॉक दिसला. तोंड दिसलं नाही. ती मान वळवून बघेपर्यंत शाळा, झाड, हापसा, सगळं मागं गेलं होतं.

छगन पावसाचंच बोलत होता.

दीपा ज्या जागी पडली होती तिथं गोजरबाई शंभरदा उभी राहिली असेल. पण गाडीच्या आतून ती जागा तिनं आज पहिल्यांदा पाहिली. आतून ती जागा नव्हतीच. नुसता एक हॉर्न होता.

जीप तिच्या हाटेलापुढं थांबली तेव्हा बारा अठ्ठावीस झाले होते. माणसं उतरून अंग मोकळं करू लागली. मच्छिंद्र काठी टेकत पातेल्यापाशी उभा होता. बायको जीपमधून आलेली बघून तो हसला.

“आईचं कसं हाय?”

“बरं हाय.”

“मग उतर की. दूध तापवायचंय.”

ती उतरली नाही. मच्छिंद्रनं सगळ्यांना चहा दिला, आणि शेवटी गोंधळून एक ग्लास तिच्याही हातात आणून दिला. आपल्या हाटेलातला चहा तिनं गिऱ्हाइकासारखा बसून प्यायला. दोन जीप आणि एक ट्रक आधीच उभे होते. सगळे मनगटाकडं बघत होते. पत्रा तापला होता. सोळा मिनिटं किती लांब असतात हे तिला ग्लास भरताना कधी जाणवलं नव्हतं.

“चला,” छगन म्हणाला. “वहिनी, तुमचं घर आलं की.”

“नाक्यापतूर येते मी.”

“तिथं काय काम?”

“हाय.”

मच्छिंद्र काठीवर भार देऊन दोन पावलं पुढं आला, पण तोवर जीप निघाली होती.

बाभूळबनच्या नाक्यावर हवालदारानं खिडकीतून हात घालून चिठ्ठी घेतली. वहीत बघितलं, घड्याळात बघितलं.

“अडतीस मिनिटं. जा.”

“सायेब,” गोजरबाई म्हणाली. आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. “ही गाडी माज्या दारात अठरा मिनटांत आली.”

छगननं समोर बघत दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

“तुमच्या दारात म्हणजे?” हवालदारानं विचारलं.

“चिंचेपाशी चहाचं हाटेल हाय, ते माजं. बाकीचा वेळ ती तिथं उभी हुती. रोज उभी असते. हीच न्हाई, सगळ्या.”

हवालदारानं तिच्याकडं नीट पाहिलं. त्यानं तिला ओळखलं असावं. रस्ता अडवला त्या दिवशी तोही तिथं होता. त्यानं टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली.

“बाई, या चिठ्ठीवर दोनच वेळा असतात,” तो हळू आवाजात म्हणाला. “गेला कधी, आला कधी. मधलं लिहायला जागा न्हाई.”

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. गोजरबाई दोघांच्या पायांवरून वाट काढत खाली उतरली. गिअर टाकताना छगननं तिच्याकडं एकदा बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. जिच्या हाटेलावर आपण बसतो, तीच असं बोलते?

उन्हातून कोसभर चालत ती घरी आली. मच्छिंद्रला गोष्ट आधीच कळली होती. नाक्यावरून परत येणाऱ्या एका ट्रकवाल्यानं सांगितली होती.

“आता कोन थांबंल आपल्याकडं?” तो म्हणाला. “त्या पोलिसानं तरी काय केलं?”

“कायबी न्हाई.”

“मग कशापायी बोललीस?”

ती पाणी प्यायली. भांडं पालथं घातलं.

“हाटेल उचलायचं,” ती म्हणाली. “फाट्यावर न्यायचं. शाळेपुढं.”

दीपा गेल्यापासून मच्छिंद्रनं फाट्यावर पाय ठेवला नव्हता. एसटीनं जातानाही तो तिथं डोळे मिटून घ्यायचा.

“मला तिथं बसवणार न्हाई,” तो म्हणाला.

“मी बसते.”

चुलतदिराच्या बैलगाडीतून चार पत्रे, चूल, बाकडी आणि पातेली फाट्यावर गेली. पहिले दोन दिवस गाड्या तशाच निघून गेल्या. जुन्या जागी थांबल्या असतील, तिथं काहीच नाही बघून तशाच रस्त्यात उभ्या राहिल्या असतील. दोन्ही दिवस तिनं नासलेलं दूध ओतून दिलं. जिच्या तोंडानं आपण सापडलो असतो, तिच्या हातचा चहा कशाला, असंही काहींना वाटलं असेल. पण त्या चोवीस किलोमीटरमध्ये चहाची जागा दुसरी नव्हती, आणि रिकामी मिनिटं उन्हात काढणं सोपं नसतं. तिसऱ्या दिवशी एक टेम्पो थांबला. मग एक ट्रक. आठवड्यानं छगन आला.

जीप त्यानं लांबूनच हळू केली होती, लिंबाखाली घ्यायची म्हणून. शेजारी टेम्पो होता, पलीकडच्या अंगाला आणखी एक जीप. मधून एकच गाडी जाईल एवढा रस्ता उरला होता.

छगननं ग्लास घेतला. बाकड्यावर बसून त्यानं दोन्ही अंगांच्या गाड्यांकडं बघितलं.

“हितं लई गर्दी असते, वहिनी,” तो म्हणाला. “लांबनंच ब्रेक मारावा लागतो.”

“व्हय,” गोजरबाई म्हणाली.

शाळेची घंटा झाली. मुलं बाटल्या घेऊन बाहेर आली आणि दोन्हीकडं उभ्या असलेल्या गाड्यांच्या मधून हापशाकडं निघाली. देवखिंडीकडून आलेला एक ट्रक त्या चिंचोळ्या जागेपुढं येऊन थांबला आणि गुरगुरत उभा राहिला. सगळ्यात मागं एक लहान मुलगी होती. रस्त्याच्या मधोमध तिच्या चपलेचा अंगठा निसटला. ती खाली बसली, बाटली शेजारी उभी ठेवली, आणि दोन्ही हातांनी अंगठा बसवू लागली.

ट्रकवाल्याचा हात हॉर्नकडं गेला. छगन ग्लास घेऊनच उठला आणि त्याला हातानं थांब म्हणाला.

मुलीनं घाई केली नाही.