मुलगी बाहेर बसलीय

“फिकट निळा फार लवकर मळतो,” अध्यक्ष म्हणाले आणि भिंतीच्या रंगावरची चर्चा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

चष्मेवाल्या बाईंनी कपाळाला हात लावला. बाजारातलं चष्म्याचं दुकान बंद ठेवून त्या शाळा समितीच्या बैठकीला आल्या होत्या. पालकांच्या प्रतिनिधी म्हणून निवडून आल्यापासून नवरा चिडवायचा, “भाज लष्कराच्या भाकऱ्या!” आज त्यांना ते अगदी पटत होतं.

शेवटी मुख्याध्यापकांनी पुढचा विषय घेतला. आठवीतल्या एका मुलीने गणिताच्या सरांचा मोबाइल खिडकीतून फेकला होता. तिला शाळेतून काढायचं होतं.

“यात बोलण्यासारखं काय आहे? मंजूर,” अध्यक्ष म्हणाले.

“अहो, मंजूर काय? का फेकला ते विचारलंत का कुणी?” बाई म्हणाल्या. “काढायच्या आधी मुलीचं ऐकायचं, हे आपलंच काम ना? की नुसत्या माना डोलवायला बसलोय आपण? मुलगी बाहेर बसलीय. सकाळपासून, बापाबरोबर.”

“तुम्ही ना, राईचा पर्वत करता,” समितीतले डॉक्टर घड्याळ बघत म्हणाले. पण मुलीला आत बोलावलं गेलं. ट्रक चालवणारा तिचा दांडगा बाप दारातच उभा राहिला.

मुलगी बोलताना अडखळायची. “स... सर माझा व्हि... व्हि...”

“व्हिडिओ बघत होते?” अध्यक्षांनी विचारलं.

तिने नाही म्हणून मान हलवली. “व्हि...”

“तुला मोबाइल हवा होता?”

“अहो, बोलू द्या की तिला!” बाई इतक्या जोरात म्हणाल्या, की डॉक्टर दचकले.

मग बराच वेळ लागला. मुलीच्या मानेच्या शिरा ताणल्या, पण तिने सगळं सांगितलं. फळ्यापाशी उत्तर सांगताना ती अडखळली, तेव्हा सर तिचं शूटिंग करत होते. वर्ग हसत होता. घरी दाखवतो, करमणूक होईल, असं सर म्हणाले होते.

“तुम्हाला माहीत होतं?” बाईंनी मुख्याध्यापकांना विचारलं.

“सर म्हणाले, गंमत केली...”

अध्यक्षांनी समोरचा कागद बाजूला सारला. मुलीला काढायचा विषय तिथेच बारगळला.

“उद्यापासून पाठवा हिला,” बाई बापाला म्हणाल्या.

“नको, ताई.” त्याचा आवाज शांत होता. “तुम्ही ऐकून घेतलंत, बरं वाटलं. पण सगळा वर्ग हसलाय तिला. दुसरीकडे घालतो.”

बापलेक गेल्यावर अध्यक्षांनी सुस्कारा टाकला. “चला, प्रश्नच मिटला! चहा सांगा.”

“काय मिटला?” बाई उसळल्या. “मुलगी गेली, सर इथेच आहेत. बोलवा त्यांना. तोवर कुणी उठायचं नाही.”

अर्धवट उठलेले डॉक्टर परत खाली बसले. खिडकीतून पटांगण दिसत होतं. बापाने मुलीच्या पाठीवरचं दप्तर काढून स्वतःच्या खांद्याला लावलं होतं. पट्टे त्याला तोकडे पडत होते. दप्तर काखेशीच अडकलं होतं आणि तो तसाच, तिच्या चालीने, फाटकाकडे चालला होता.