नऊ नावांची पाटी

मी झिरो नंबरचा ब्रश बोलतोय. नंबर ऐकून नाक मुरडू नका. आमच्यात नंबर जितका लहान, तितका मान मोठा! मूर्तींच्या कारखान्यातले ते जाडजूड चपटे ब्रश दिवसभर सोंड आणि पीतांबर रंगवत राबतात, पण शेवटी सगळ्यांना बाजूला ठेवतात आणि मला उचलतात. कारण गणपतीचे डोळे मी काढतो. आमच्याकडे त्याला आखणी म्हणतात.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा मी पेणच्या बाजारात रंगाच्या दुकानात एका डबीत उभा होतो. लाकडी दांडा, पत्र्याची बांगडी आणि चिमूटभर केस, एवढीच माझी इस्टेट. एके दिवशी कान्हूदादांनी मला उचललं, ओठांत धरून ओलं केलं, टोक उजेडात बघितलं आणि म्हणाले, "हा चालंल." तेव्हापासून मी त्यांचा झालो. कान्हूदादा पेणजवळच्या जोहे गावात एका कारखान्यात चाळीस वर्षं आखणी करतायत. त्यांच्या आधी आणि त्यांच्या नंतर त्या मूर्तींना कितीही हात लागोत, डोळ्यांना फक्त त्यांचा हात.

त्यांची एक पद्धत होती. गिऱ्हाईक आलं की रंग, दागिने यांबद्दल एक शब्द नाही. पहिला प्रश्न ठरलेला. "बसणार कुठं? आनि त्याच्याकडं बघणार कोण?" घरात चौरंगावर बसणार असेल तर नजर थोडी वर, कारण माणसं उभी राहून आरती करतात. मंडपात उंचावर बसणार असेल तर नजर खाली. एकदा एका म्हातारीने सांगितलं, माझे गुडघे गेलेत, मी खुर्चीत बसूनच हात जोडते. कान्हूदादांनी तिच्यासाठी खुर्चीच्या उंचीची नजर काढली. म्हातारी मूर्तीसमोर बसली आणि म्हणाली, "अगं बाई, हा तर माझ्याकडंच बघतोय!" मला त्या दिवशी इतकं फुगल्यासारखं झालं की रंग नीट धरवेना.

मला चौकशीची खोड लागली ती कान्हूदादांमुळेच.

दिवाळीनंतर कारखान्यात काम कमी होतं. मग कान्हूदादा पाट्या रंगवतात. धरमतरच्या खाडीतल्या बार्जवर नंबर लिहितात, दुकानांची नावं लिहितात. अशाच एका दुपारी नाओमी नावाची बाई जोह्याला आली. रोह्याहून गाडीनं पेण, पेणहून बसनं जोहे. रोह्यात ती एका मेडिकल स्टोअरमध्ये काम करते. रोह्याच्या बाजारातल्या एका पाटीवरची अक्षरं तिला आवडली होती आणि ती अक्षरं कोणाची, हे विचारत विचारत ती इथवर पोचली होती.

"काका, मला देवाच्या नावांची पाटी हवी आहे," ती म्हणाली. "नऊ नावं."

"फ्लेक्स का नाय छापत, ताई? दोन तासांत होईल."

"पप्पांच्या डोळ्यांवर फ्लेक्सची चमक येते. आणि त्यांना हाताच्या अक्षरांची सवय आहे."

मग तिने सगळं सांगितलं. तिचे वडील मायकल, धाटावच्या कंपनीतून रिटायर झालेले. शिफ्ट सांभाळून तीस वर्षं त्यांनी रोह्यातलं छोटं प्रार्थनाघर चालवलं. दर रविवारी तिथल्या फळ्यावर ते खडूने देवाचं एक नाव लिहीत आणि त्याच नावाने प्रार्थना करीत. गणपती गेल्यावर आठ दिवसांनी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. समजतं सगळं, पण तोंडातून शब्द येत नाही.

"देवाला हाक मारल्याशिवाय पप्पांचा एक दिवस गेलेला नाही," नाओमी म्हणाली. "आता त्यांनी काय करायचं? मला वाटलं, पाटी समोर असली तर ते डाव्या हाताने नाव दाखवतील. ते दाखवतील त्या नावाने मी प्रार्थना करीन. माझं तोंड, त्यांची हाक."

कान्हूदादांनी पदराच्या टोकाशी चाळा करणाऱ्या त्या बाईकडे बघितलं आणि प्लायवूडचा तुकडा पुढे ओढला.

पांढऱ्या रंगाचा हात देऊन झाला, पट्ट्या आखून झाल्या. पुढच्या रविवारी नाओमी नावं घेऊन आली तेव्हा कान्हूदादा काही सोडेनात. "नुसतं नाव सांगू नको गो. म्हंजे काय ते सांग. कळल्याबिगर माझा हात चालत नाय." मीही कान टवकारले. खोटं कशाला सांगू, मला वाटलं होतं, ख्रिस्ती लोकांच्या देवाचं एकच नाव असणार, येशू, झालं. आमच्या बाप्पाला मात्र ढीगभर. हा माझा तोरा पहिल्या दहा मिनिटांत उतरला.

सगळ्यात वर यहोवा. नाओमी म्हणाली, याचा अर्थ जवळजवळ असा की मी आहे, मी असणारच आहे. "आमच्या शेजारी अब्राहमकाका राहायचे, इस्राएली, म्हणजे ज्यू. आता ते लोक तिकडे इस्राएललाच गेले. ते हे नाव कधी तोंडाने घ्यायचे नाहीत. इतकं मोठं नाव जिभेवर कशाला घोळवायचं, म्हणायचे. नावाच्या जागी नुसतं प्रभू म्हणायचे."

"आनि तुम्ही घेता?"

"घेतो, पण उगाच नाही. लहानपणी पायाला ठेच लागली की मी 'येशू!' म्हणून ओरडायचे. पप्पा म्हणायचे, दगडाला शिवी द्यायला त्याचं नाव नको वापरू."

कान्हूदादा हसले. मग त्यांनी विचारलं, "प्रार्थना संपताना तुम्ही 'येशूच्या नावाने' म्हणता, ते काय? माझ्या गावातला एकजण असाच म्हणतो."

नाओमी म्हणाली, "काका, मी लहान असताना पप्पांचा डबा घेऊन कंपनीच्या गेटवर जायचे. वॉचमन कोणाला आत सोडत नसे. पण मी म्हणायचे, मायकलची मुलगी, की लगेच गेट उघडायचं. माझ्या नावावर नाही उघडायचं, पप्पांच्या नावावर. तसंच ते."

मला हे फार पटलं. येशू या नावाचा अर्थच तारणारा, असं ती म्हणाली. इम्मानुएल म्हणजे आमच्यासोबत असलेला देव. मेंढपाळ तर सांगायलाच नको. अब्बा हे सगळ्यात शेवटी, खालच्या कोपऱ्यात. घरात पोर बापाला जी हाक मारतं ती. येशू स्वतः देवाला अशी हाक मारायचा. "एवढा मोठा देव नि त्याला 'बाबा' म्हणायचं?" कान्हूदादा म्हणाले, आणि ती पट्टी त्यांनी इतरांपेक्षा जरा जपून रंगवली.

पण माझं मन अडकलं तिसऱ्या नावात. मला पाहणारा देव. नाओमीने गोष्ट सांगितली ती अशी. एक दासी होती, हागार नावाची. मालकिणीने छळ केला म्हणून पोटुशी असताना पळाली आणि रानात एका झऱ्यापाशी बसली. घरात तिला कोणी नावानं हाकही मारत नसे. देवाने तिला तिच्या नावाने हाक मारली. मग तिने त्याचं नाव ठेवलं, मला पाहणारा.

"थांब, थांब," कान्हूदादा म्हणाले. "देवाचं नाव दासीनं ठेवलं?"

"हो."

"नि देवानं चालवून घेतलं?"

"घेतलं ना. म्हणून तर आपल्यापर्यंत आलं."

कान्हूदादांनी तोंडातलं पान थुंकून ब्रश उचलला. मोठी अक्षरं चपट्या ब्रशने झाली, कडा मी साफ केल्या. आणि मग, काय सांगू, सवय! पाहणारा म्हटल्यावर कान्हूदादांचा हात आपोआप चालला आणि तिसऱ्या नावाच्या वर मी दोन डोळे काढले. निळे, छोटे, शांत. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले डोळे होते ते, शपथ!

मूर्तीचं तोंड झाकतात तशी पाटीवर कापड बांधून कान्हूदादा ती गाडीनं रोह्याला घेऊन गेले. कडा खरवडल्या तर हाताशी असावा म्हणून मीही त्यांच्या खिशात. खाटेवर मायकल पडलेले, उजवा हात उशीवर ठेवलेला. नाओमीने पाटी त्यांच्याशेजारी टेकवून कापड सोडलं. मायकलची नजर त्या डोळ्यांवर खिळली आणि नाओमीचा चेहरा पडला.

"काका, हे डोळे..."

"बरे नाय आले?"

"फार सुंदर आलेत. पण आमच्या चर्चच्या मंडळीत देवाचं चित्र काढत नाहीत. रूप आपण ठरवायचं नाही, नाव पुरतं, असं पप्पांनीच मला शिकवलंय."

कान्हूदादांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "चुकलं, ताई. हात ऐकत नाय." त्यांनी टर्पेंटाइनचा बोळा फिरवला. डोळे गेले, फिकट निळा डाग तेवढा राहिला. मला फार लागलं. नियम असेल त्यांचा, पण मी काय पाप केलं होतं? त्या गडबडीत कान्हूदादा मला खिडकीतच विसरून गेले. पाटी मात्र भिंतीवर गेली, जिथे आधी घड्याळ होतं तिथे.

खिडकीतून मी पुढचे बारा दिवस बघितले. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर नाओमी हात धुऊन खाटेशी बसायची. "पप्पा, आज कोणतं नाव? मेंढपाळ? अब्बा?" मायकल एकदा वर बघायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. ती एकेक नाव वाचायची, ते मान भिंतीकडे वळवायचे. तेराव्या दिवशी ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. नळाच्या आवाजात कळत नाही असं माणसांना वाटतं. फोनवर कोणाला तरी म्हणत होती, "वाचा गेली ते मी सोसलं गं. पण पप्पांना आता देवच नको झालाय. तीस वर्षं ज्याला हाका मारल्या त्याचं एक नाव दाखवत नाहीत. मी कोणत्या तोंडाने प्रार्थना करू?"

मी ब्रश. मला तोंड नाही. असतं तर तेव्हाच बोललो असतो, कारण मला काहीतरी खुपत होतं आणि नेमकं काय ते सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रोह्यात एका दुकानाची पाटी रंगवायला निघालेले कान्हूदादा रंगाची पिशवी घेऊन मला न्यायला आले. नाओमीने चहा दिला आणि सगळं सांगितलं. कान्हूदादा पाटीकडे बघत राहिले, मग मायकलकडे. आणि एकदम कप खाली ठेवून, धोतर सावरून खाटेशेजारी जमिनीवर सपशेल आडवे झाले!

"काका! बरं वाटत नाही का?"

"गप गो. इथून बघ. इथून काय दिसतंय?" नाओमी खाली वाकली. खालून पाटीवर नुसती ट्यूबलाइटची चमक दिसत होती. अक्षर एक नाही. कान्हूदादा उठून बसले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला एकच गोष्ट विचारतोय, बघणार कोण नि कुठून बघणार. आनि हितं विसरलो! मूर्ती नाय म्हटल्यावर मला वाटलं, ही नुसती पाटी. पडलेल्या माणसासमोर उभ्याची पाटी लावली, मुडद्या!"

शेवटचा शब्द स्वतःला होता. त्यांनी पाटी उतरवली, खाटेजवळ खुर्ची ओढली आणि तिच्यावर मायकलच्या नजरेला नजर भिडेल अशी तिरपी ठेवली.

मायकलनी डोळे उघडले. वरून खालपर्यंत सगळी नऊ नावं वाचली, अगदी सावकाश. मग डावा हात उचलला. तो पुढे आला आणि तिसऱ्या नावापाशी थांबला.

"मला पाहणारा? पप्पा, हे?"

हात नावावर टेकेना. तो वर सरकला, त्या फिकट निळ्या डागावर. एकदा टेकला, पुन्हा टेकला. आणि मायकलनी कान्हूदादांकडे बघितलं. डोळे परत हवे आहेत, हे कान्हूदादांना कळलं होतं. मलाही कळलं होतं. पण कान्हूदादा हलले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "ताई, तू सांगशील तसं."

नाओमीने त्या डागावर बोट फिरवलं. मग उठली, खिडकीतून मला घेतलं, कान्हूदादांच्या पिशवीतल्या निळ्या डबीत बुडवलं आणि वडिलांच्या डाव्या मुठीत दिलं.

आजवर मला फक्त बोटांच्या टोकांनी धरलं होतं. त्या मुठीत माझा जीव घुसमटला. मायकलनी मला पाटीवर सगळं बळ लावून दाबलं, माझे केस चारी बाजूंनी फाकले. एक ठिपका झाला. मोठा, वेडावाकडा. मग दुसरा, पहिल्याहून खाली. ते डोळे होते. पोरानं काढल्यासारखे तिरळे डोळे.

मायकल मागे उशीवर टेकले आणि त्या डोळ्यांकडे बघत रडायला लागले.

कान्हूदादांनी सवयीने बोळ्याकडे हात नेला. "पुसू नका, काका," नाओमी म्हणाली. "हे चित्र नाही. पप्पांची प्रार्थना आहे." मग तिने वडिलांचा हात धरला आणि त्या दासीने ठेवलेल्या नावाने हाक मारली. हे मला पाहणाऱ्या देवा. एवढंच म्हणून तिने शेवटी 'येशूच्या नावाने' म्हटलं, कारण गेट त्याच नावाने उघडतं.

माझे केस पुन्हा सरळ झाले नाहीत. कान्हूदादांनी मला ओठांत धरून बघितलं, मान हलवली आणि परत मायकलच्या उशाशी ठेवलं. आता मी स्टीलच्या पेल्यात असतो. संध्याकाळी नाओमी आली की मायकल मला उलटा धरतात आणि माझ्या दांड्याने नाव दाखवतात. गुडघा दुखला की सर्वसमर्थ. नाओमी दमून आली की शांती. काल अब्बावर बराच वेळ थांबले होते. शब्द अजून आलेला नाही. येईल की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत.

हजारो सुबक डोळे काढले मी. ते सगळे पाण्यात गेले. हे तिरळे दोन तेवढे उरले, आणि ते माझे नाहीतच, मायकलचे आहेत. म्हणून एवढंच मागणं आहे. कधी या घरात आलात आणि पेल्यात फाकलेल्या केसांचा, निळा रंग वाळलेला ब्रश दिसला, तर कीव येऊन मला धुवायला घेऊ नका. आणि पाटी बघायची झाली तर उभ्याने बघू नका. खाटेशेजारी जरा खाली बसा.