माझ्यावरची गोगलगाय

मित्रांनो, रणगाडा गेला आणि गोगलगाय राहिली. हे तुम्ही वाचलेच नाही असे समजा. मीही सांगितलेच नाही असे समजतो. आपण पहिल्यापासून सुरुवात करू.

मी एक जुना पांढरा फळा आहे. आमच्या तुकडीतले काही फळे शाळेत गेले, एक इस्पितळात लागला. मी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका लहानशा स्टुडिओत आलो. मला टांगताना चारपैकी एक स्क्रू सोफ्याखाली गेला. तेव्हापासून मी तीन स्क्रूंवर आणि काळजीवर लटकलो आहे.

स्टुडिओ दोघा भावाबहिणींचा. सगळे त्यांना दादा आणि धाकटी म्हणत. येऊ घातलेला प्रत्येक गेम माझ्यावर काढला जाई. नियम दादानेच केला होता. फळ्यावर आहे तोवर गेम चालू. बंद करायचा, तर ज्याने काढला त्यानेच स्वतःच्या हाताने पुसायचा. पुसलेला परत काढायचा नाही. नंतर कोणी दुसऱ्याच्या नावाने बोटे मोडू नयेत, म्हणून हा बंदोबस्त. असे एकोणीस गेम माझ्या अंगावर वारले. त्यातल्या एकाच्या वेळी तर आमचा संगीतकार इतका रडला, की माझा तो कोपरा आपोआप स्वच्छ झाला.

माझ्या मधोमध दादाचा 'रणगाडा सात' होता. चाहते चार वर्षे त्याच्याकडे डोळे लावून बसले होते. जागा उरली नव्हती, म्हणून धाकटीने आपली गोगलगाय रणगाड्याच्या डोक्यावर काढली. ती टपाल वाटते. बस, एवढाच तिचा गेम. धाकटीने दोन वर्षे त्यात जीव ओतला होता.

मग संगीतकाराचा वाढदिवस आला. दादाने सगळ्यांचा फोटो काढून इंटरनेटवर टाकला. मागे मी होतो. पोट आत घ्यायलाही वेळ मिळाला नाही.

चाहत्यांनी केक पाहिला नाही, संगीतकारही पाहिला नाही. त्यांनी मला मोठे करून पाहिले. "रणगाड्यावर गोगलगाय!" "शंखातून तोफगोळे सुटणार!" संध्याकाळपर्यंत अकरा हजार कमेंट. गोगलगायीचा वेग वाढवलात तर जेवण सोडीन, अशी एकाने धमकी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा धाकटीच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"तुझा गेम बंद कर. गोगलगाय रणगाड्यावर बसव. लोकांना हवीय."

"दादा, ती टपाल वाटते. लढत नाही."

"मग गोळ्यांवर पत्ते लिहू!"

"दोन वर्षं तिचा पाय करतेय मी."

"असे किती पाय आहेत तिला?"

"एकच असतो."

"एका पायाला दोन वर्षं? अगं, गोगलगाय तूच आहेस!"

धाकटी उठली, डस्टर घेतला आणि डोळे मिटून पुसू लागली. माझे तिन्ही स्क्रू थरथरले. पण गोगलगाय जागची हलेना. साधा मार्कर सुकला होता, म्हणून धाकटीने ती खोक्यांवर पत्ते लिहायच्या पक्क्या शाईने काढली होती. हे तिलाही तेव्हाच आठवले.

"पुसायचं नाहीये म्हण ना सरळ! आण इकडे." दादाने डस्टर ओढून घेतला आणि सगळे वजन टाकून घासायला लागला. गोगलगाय तशीच. दादाच्या कोपराखाली मात्र आधी तोफ गेली, मग पट्टे, मग सात.



"दादा," संगीतकार हळूच म्हणाला, "तुम्हीच काढला होता. तुम्हीच पुसलात."

"हा नियम कोणत्या गाढवानं केला?"

कोणीच उत्तर दिले नाही. मोठ्या माणसाचा मान राखावा लागतो. दादाने डस्टर खाली ठेवला. मग खुर्ची ओढून धाकटीशेजारी सरकला. "दाखव बघू तो पाय," म्हणाला.

मित्रांनो, आता पुढच्या महिन्यात गोगलगाय बाहेर पडेल. रणगाडा गेल्याचे दादाने कळवले, तेव्हापासून चाहते खवळले आहेत. 'आधी तो फळा फोडा' या मागणीला नऊ हजारांचा पाठिंबा आहे. माझे जाऊ द्या. धाकटी एकेक कमेंट वाचते आणि समोरचा डबा तसाच बंद करते. मला हात नाहीत, नाहीतर तिचा फोन लपवला असता. म्हणून हा अर्ज.

प्रति, समस्त चाहते. विषय : मत राखून ठेवण्याबाबत. वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, पहिले पत्र पहिल्या दारी पोचवण्यास सदर गोगलगायीला चाळीस मिनिटे लागतात. तरी तेवढा वेळ कोणीही काहीही लिहू नये, अर्जाची पोचसुद्धा.