केसांतला पितळी किस

"हलू नका हां काका, हातात वस्तरा आहे," असं म्हणत न्हाव्याने खुर्चीला एक वेढा दिला आणि कारखान्यातल्या टर्नरला वर चढवलं.

खुर्चीच्या पोटातून कर्रर्र आवाज आला.

खुर्ची न्हाव्याच्या आजोबांपासूनची. फिरवली की वर चढायची, उलट फिरवली की खाली यायची. आत मनगटाएवढा जाड लोखंडी स्क्रू आणि तो ज्यात फिरतो तो पितळी नट. जुना नट झिजला, तेव्हा नवा टर्नरनेच लेथवर कापून दिला होता. त्याबद्दल आज फुकट दाढी.

"नट कसा बसला?" तोंडाला फेस, म्हणून टर्नरने ओठ न हलवता विचारलं.

"झकास! पहिले दोन वेढे लोण्यासारखे गेले. मग अडला. मग मी आणि मेव्हण्याने पहार घालून फिरवला. नवी वस्तू, जरा कडक असायचीच!"

दोन वेढे सरळ जाऊन मग अडलं, याचा अर्थ टर्नरच्या धंद्यात एकच. पिच चुकला. म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर स्क्रूचं निराळं आणि नटचं निराळं. एका घरात आलेल्या दोन जावांसारखं. पहिले दोन दिवस गोडीगुलाबी, मग फरक साठत जातो आणि दोघी एकमेकींच्या अंगावर येतात.

त्यातून हे चौकोनी आटे. टोकदार आटे आवळायला, चौकोनी ओझं उचलायला. सगळ्या आट्यांनी ओझं वाटून घ्यायचं असतं. पिच चुकला, की सगळं एकाच आट्याच्या डोक्यावर. तो गेला, की खुर्ची गेली.

"खाली ते पिवळं काय रे चमकतंय?"

"केसांत? सकाळपासून पडतंय. असतील कुणीतरी रंगवलेले."

टर्नरला सगळं धुरकटच दिसत होतं, पण पितळेचा किस त्याने ओळखला. लोखंड वेढ्यागणिक नट खात होतं.

आणि वस्तरा त्याच्या गळ्यावर आला.

खुर्ची खाली जाईल, वस्तरा तिथेच राहील. मध्ये कोण आहे, हे सांगायला गणित नको. टर्नरने श्वास रोखला. वजन कमी व्हावं म्हणून दोन्ही हातांवर अंग तोलून धरलं. ते हात खुर्चीच्याच दांड्यांवर आहेत, हे त्याला जरा उशिरा सुचलं.

"काय उस्ताद, थंडी वाजते का?" दारातून आवाज आला.

कारखान्याचे मालक! माणूस एवढा भारदस्त, की वजनकाट्यानेही नजर खाली घालावी. "आटोप रे लवकर, मला फोटो काढायला जायचंय," ते न्हाव्याला म्हणाले.

दुसरा गाल करायला न्हाव्याने पुन्हा वेढा दिला. कर्रर्र. टर्नरने खाली उडीच मारली.

"अहो काका, अर्धी राहिलीय!"

"बास. झाली."

"राहू दे, त्यांना घाई दिसतेय," म्हणत मालकांनी शर्टाची कॉलर सैल केली आणि ते खुर्चीकडे निघाले.

टर्नर दाराशी थबकला. गप्प राहिलं तरी चालणार होतं. खुर्ची बसलीच, तर जग मालकांच्या पोटाकडेच बोट दाखवणार. आणि तोंड उघडलं तर? हात थरथरतो म्हणून मालकांनी ग्राइंडरवाल्याला नुकतंच हार घालून, भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी बसवलं होतं. बायको तर रोज म्हणायची, "डोळे दाखवा हो! परवा पाण्याच्या ड्रमला 'कसं काय' म्हणालात." तिलाही तो म्हणाला होता, ड्रममागे माणूस होता.

मालकांनी पाठ वळवली. बसायला वाकले.

"मालक, बसू नका!" टर्नरने त्यांची बाही धरली. "नट चुकलाय. मी कापलेला."

"काहीतरीच! आम्ही पहार लावली, त्याने बिघडला असेल," न्हावी मध्ये पडला.

"नाही रे. पिच बघायला गेजचं दातेरी पान स्क्रूवर धरतात. मधून उजेड दिसला, तर ते पान चुकीचं. मला उजेड दिसला नाही." टर्नरने बाही सोडली. "उजेड असणारच. मला दिसत नाही, मालक. बरेच दिवस झाले."

खरंखोटं करायला मालकांनी बैठकीवर नुसता हात टेकला.

खाड्कन आवाज झाला आणि बैठक तळाला गेली.

न्हाव्याने आधी हातातल्या वस्तऱ्याकडे पाहिलं, मग स्वतःचाच गळा चाचपला.

"उद्या सकाळी केबिनमध्ये या," मालक कॉलर लावत हळूच म्हणाले. "बोलू." आणि दाढी न करताच गेले.

टर्नरने खुर्ची आडवी केली, नट काढला. न्हाव्याने कोपऱ्यातलं लाकडी स्टूल पुसून आणून ठेवलं.

"बसा काका. याला आटे नाहीत."

टर्नर बसला. उरलेल्या गालावरचा फेस सुकला होता. न्हाव्याने नवा लावला, हनुवटी दोन बोटांनी हळूच वर उचलली. गळ्यावर वस्तरा आला, तरी टर्नर हलला नाही. त्याचा अंगठा तेवढा मांडीवरच्या नटमध्ये गोल गोल फिरत होता, आणि कुठेच अडत नव्हता.